ज्याला कागद सापडतो

श्रावण चालू होता. एका छोट्या नगरपरिषदेच्या अभिलेख कक्षात मी बसले होते. लोखंडी मांडण्यांवर लाल कापडात बांधलेले गठ्ठे, गळतीपासून वाचवायला त्यांच्यावर अंथरलेली ताडपत्री, दारापाशी एक टेबल. अकराच्या सुमाराला एक आजी आल्या. सासऱ्यांच्या नावावरच्या घराचा १९६७ सालच्या आकारणी नोंदवहीतला उतारा त्यांना हवा होता. वारसांच्या दाव्यासाठी वकिलांनी मागितला होता. घराचा नंबर विचारल्यावर त्यांनी पिशवीतून यंदाचे कराचे बिल काढले. त्या नंबराचा १९६७ शी काहीच संबंध नव्हता.

रेकॉर्ड सांभाळणाऱ्या काकांनी बिल बाजूला ठेवले.

"आजी, घर नदीच्या अंगाला की पेठेत?"

"पेठेत. पिंपळाजवळचा वाडा."

"वाड्याला लागून पिठाची गिरणी होती, ती तेव्हा चालू होती का?"

"मी लग्न होऊन आले तेव्हा नुकतीच सुरू झाली होती."

काका उठले, आत गेले आणि पंधरा मिनिटांत एक नोंदवही घेऊन आले. आजींनी सासऱ्यांच्या नावावरून हलकेच बोट फिरवले. त्या गेल्यावर मी काकांना विचारले, कसे सापडले? ते म्हणाले, "गिरणी सुरू झाल्यावर त्या गल्लीची आकारणी पुन्हा झाली. त्याच सुमाराला वॉर्डांचे नंबर फिरले. जुन्या चार नंबरचे कागद तेव्हापासून तीन नंबरच्या गठ्ठ्यात बांधलेत. हे कुठं लिहिलेलं नाही." आणि थोडे थांबून म्हणाले, "फेब्रुवारीत मी रिटायर होतोय."

शेजारच्याच खोलीत दोन वर्षांपूर्वी घेतलेली कागदपत्र व्यवस्थापनाची संगणक प्रणाली होती. जुन्या नोंदवह्यांची पाने स्कॅन करून तिच्यात भरली होती. आजींना हवे होते ते पानही त्यात होते. पण स्कॅनरने दिलेला एक आकडा हेच त्या पानाचे नाव होते, आणि त्या आकड्यावरून पिंपळाजवळच्या वाड्यापर्यंत पोहोचायची वाट कोणी आखलेली नव्हती. कागद प्रणालीजवळ होता, तो सापडवण्याची विद्या काकांजवळ होती. ती विद्या काका निवृत्त होण्याआधी प्रणालीत कशी उतरवायची, हा या पुस्तकाचा विषय आहे.

नगरपालिकेचा कागद आणि मंत्रालयातला कागद यांत फरक आहे. मंत्रालयातली नस्ती बहुधा धोरणाची असते. नगरपालिकेतला कागद एखाद्या माणसाला आणि एखाद्या जागेला चिकटलेला असतो. मूल जन्मले की त्याची नोंद इथे होते, लग्नाची नोंद इथे होते, घराचा नकाशा इथे मंजूर होतो, भोगवटा प्रमाणपत्र, नळजोडणी, दुकानाचे ना हरकत पत्र, कराची पावती, आणि शेवटी मृत्यूचा दाखलाही इथूनच निघतो. या प्रत्येक कागदामागे वेगळा कायदा उभा असतो. जन्म-मृत्यूच्या नोंदीसाठी १९६९ चा, बांधकामासाठी १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम, विवाह नोंदणीसाठी १९९८ चा, आणि खुद्द नगरपरिषदेच्या कारभारासाठी १९६५ चा. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय आहेत. मोठ्या महानगरपालिकेत या विषयांचे स्वतंत्र विभाग असतात. छोट्या नगरपरिषदेत सकाळी जन्माचे दाखले देणारा लिपिकच दुपारी वसुलीला निघतो आणि संध्याकाळी सभेचे इतिवृत्त लिहायला बसतो. त्याच्यासाठी प्रणाली आखणाऱ्याने या कामाच्या घडणीपासूनच सुरुवात करायला हवी.

या कागदांचे वजनही वाढत चालले आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत अनेक कामांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रालाच स्थान मिळाले आहे. म्हणजे आज नगरपालिकेच्या खिडकीवर नावातली एक वेलांटी चुकली, तर ते मूल मोठे होऊन ठिकठिकाणी ती चूक दुरुस्त करत फिरणार. हा कागद बिनचूक लिहिणे, जपणे आणि मागेल तेव्हा देणे, हे काम ज्या कर्मचाऱ्याच्या हातून होते त्याच्या हातात आपण काय साधन देतो, हा प्रश्न म्हणूनच मला फार मोलाचा वाटतो.

दप्तर सांभाळण्याची महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. 'दप्तर' हा शब्द फारसीतून आला आणि इतका आपला झाला की शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पाठीवरही तो आहे. फडणीस, चिटणीस, कारकून ही पदे लेखनाच्या आणि हिशेबाच्या कामातूनच आली. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतले कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. गेल्या शतकात रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, तेव्हा शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसांचे व्यवहार लोकांसमोर आले. हे होऊ शकले, कारण कोणा अनामिक कारकुनाने आपल्या काळात कागद नीट बांधून ठेवले होते. आपण आज जे बांधून ठेवू, त्यावरच उद्याच्या माणसाला आपल्याविषयी काय कळेल ते ठरणार आहे.

संगणक येण्याआधीही कार्यालये सुधारणारी माणसे इथे होऊन गेली. १९८० च्या दशकात अहमदनगरचे (आताच्या अहिल्यानगरचे) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयाची बैठक, नोंदवह्या आणि अभिलेख यांची अशी फेरमांडणी केली, की ती पुढे 'लखिना पॅटर्न' या नावानेच ओळखली गेली. सहा गठ्ठे पद्धत तर आजही महाराष्ट्रातल्या कर्मचाऱ्यांना पाठ असते. हाती असलेली प्रकरणे, उत्तराची वाट पाहणारी प्रतीक्षाधीन प्रकरणे, ठरावीक मुदतीने पाठवायची नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे, आणि नष्ट करायचे कागद, असे ते सहा गठ्ठे. मी ही पद्धत पहिल्यांदा समजून घेतली तेव्हा मला तिच्यात एक उत्तम आराखडा दिसला. कागद कोणत्या खात्याचा, हे ती विचारतच नाही. 'आता या कागदाचे काय करायचे आहे?' एवढाच तिचा प्रश्न आहे. टेबलावर बसलेल्या माणसाच्या मनात सकाळी दहा वाजता हाच प्रश्न असतो. प्रणालीच्या पहिल्या पडद्यावर काय दिसावे, याचे उत्तर आमच्या लिपिकांनी कधीच शोधून ठेवले आहे.

अभिलेखांच्या वर्गीकरणाचेही तसेच. 'अ' वर्गातला कागद कायम जपायचा, 'ब' वर्गातला तीस वर्षे, 'ड' वर्गातला वर्षभरानंतर नष्ट करायचा, आणि मधल्या वर्गांची मुदत या दोन टोकांच्या दरम्यान. पण प्रत्यक्षात काय होते? नस्ती बंद करताना वर्ग लिहायचा राहून जातो. वर्ग लिहिलेला नसला की नष्ट करायची भीती वाटते, आणि नष्ट न केल्यामुळे 'ड' वर्गाची रद्दी 'अ' वर्गाच्या ठरावांच्या उरावर बसते. एके ठिकाणी जुन्या सर्वसाधारण सभांच्या इतिवृत्तांवर वाहनांच्या लॉगबुकांचा ढीग मी पाहिला. वाळवी कागदाचा वर्ग वाचत नाही. प्रणालीने हे काम हातात घ्यायला हवे. विषय निवडला की वर्ग तिनेच सुचवावा, लिपिकाने फक्त होकार द्यावा, आणि मुदत भरली की यादी आपोआप अधिकाऱ्यापुढे यावी. नष्ट करण्याचा निर्णय मात्र नेहमी माणसाच्या सहीनेच व्हावा.

कायद्याची अपेक्षा तर केव्हाच स्पष्ट झाली आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ बहुतेकांना अर्ज आणि तीस दिवसांची मुदत यांमुळे ठाऊक असतो. पण त्याच्या कलम ४ ने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आधी एक कर्तव्य टाकले आहे: सगळे अभिलेख सूचीबद्ध आणि अनुक्रमित ठेवायचे, आणि संगणकीकरण करण्याजोगे अभिलेख वाजवी मुदतीत संगणकावर आणायचे. शासकीय कामातल्या विलंबाला आळा घालणाऱ्या महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्यानुसार एका कर्मचाऱ्याकडे नस्ती कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला. या तिन्ही कायद्यांचा पाया एकच आहे, तो म्हणजे कागद सापडला पाहिजे. ज्याला नस्ती सापडत नाही, तो कितीही प्रामाणिक असला तरी हे तिन्ही कायदे त्याच्या हातून मोडले जातात, आणि नोटीस त्यालाच येते.

निसर्ग आणि अपघात मुदत देत नाहीत. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, त्यात माणसे गेली आणि असंख्य फायली जळाल्या. २६ जुलै २००५ चा मुंबईतला पाऊस, २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा महापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडात शिरलेले पाणी हे सगळे आपण पाहिले आहे. अभिलेख कक्ष बहुधा तळमजल्यावर असतो, कारण गठ्ठ्यांचे ओझे वरच्या मजल्याला पेलवत नाही. पाणी सगळ्यांत आधी तिथेच येते. म्हणून कागदाची दुसरी प्रत दुसऱ्या गावी असणे ही चैन नव्हे, गरज आहे.

मग प्रयत्न झाले नाहीत का? झाले, आणि त्यांतले काही चांगले झाले. या शतकाच्या सुरुवातीला कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने नागरी सुविधा केंद्र आणि संगणकीकृत कामकाज यांचा जो पाया घातला, त्याकडे राज्यातल्या इतर नागरी संस्थांनी नमुना म्हणून पाहिले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ई-ऑफिसही अनेक शासकीय कार्यालयांत रुळले आहे. तरीही गावोगावच्या नगरपालिकांत मी ज्या प्रणाली पाहिल्या, त्यांतल्या कित्येक वापराविना पडल्या होत्या. त्यांची कारणे मी वर्षानुवर्षे वहीत लिहीत आले. ती सगळीकडे जवळजवळ सारखीच निघाली.

पहिले कारण दुहेरी कामाचे. टपाल आले की आवक नोंदवहीत नोंद करायची आणि मग तीच नोंद संगणकावर पुन्हा करायची. नोंदवही बंद करण्याचा आदेश कोणी काढलेला नसतो, त्यामुळे संगणक हा वाढीव भार ठरतो. दुसरे कारण पडद्यावरच्या चौकटींचे. एक साधा अर्ज नोंदवायला अठरा चौकटी, त्यांतल्या निम्म्यांचा अर्थ अर्ज घेणाऱ्याला ठाऊक नसतो, आणि ठाऊक नसले तरी त्या भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग तिथे टिंब टाकले जाते. अशी टिंबे टाकलेल्या शेकडो नोंदी मी पाहिल्या आहेत. त्यांचा दोष मी लिपिकाला देत नाही. ज्याने विनाकारण सक्ती केली, त्याने ती टिंबे लिहायला लावली.

तिसरे कारण शब्दांचे, आणि ते माझ्या मते सर्वांत मोठे. कार्यालयाची एक भाषा असते. टपाल मार्क होते, नस्ती सादर होते, टिपणी ठेवली जाते, मागील कागद जोडले जातात, साहेबांची सही होते, पत्र जावक होते. प्रणालीच्या पडद्यावर मात्र इंग्रजी शब्द असतात, नाहीतर त्यांचे असे भाषांतर, जे कोणाच्याच तोंडी नसते. वीस वर्षे 'सादर' म्हणणाऱ्या माणसाला 'कार्यप्रवाह आरंभ करा' असे बटण दाखवले, तर त्याचा हात थबकणारच. भाषा संचालनालयाने प्रशासनासाठी शब्द आणि वाक्प्रयोग घडवून ठेवले आहेत, आणि टेबलांवर रुळलेले शब्द तर आहेतच. पडद्यावरचा प्रत्येक शब्द या दोन ठिकाणांहूनच यावा, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

चौथे कारण शोधण्याचे. मराठी नावे शोधणे हे स्वतंत्र शास्त्र आहे, आणि परक्या गरजांसाठी बनवलेल्या प्रणालीला ते येत नाही. एकच माणूस एका कागदावर 'रामचंद्र गणपत पाटील', दुसऱ्यावर 'पाटील रामचंद्र गणपत', तिसऱ्यावर 'रामचंद्रराव' आणि चौथ्यावर 'कै.' लावून येतो. 'दीक्षित' आणि 'दिक्षित', 'लक्ष्मी' आणि 'लक्ष्मीबाई' एकाच घरातल्या असतात. बाईचे नाव लग्नानंतर बदलते, आणि माहेरच्या घराच्या वारसात ती जुन्या नावाने सापडते. कऱ्हाड आणि कराड हे एकच गाव. त्यात संगणकाची स्वतःची अडचण वेगळीच. 'कऱ्हाड' मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक रीतींनी लिहिता येतो. 'ॲड.' मधला ॲ एकच अक्षर म्हणून लिहिता येतो, किंवा अ वर चंद्र ठेवून. डोळ्यांना सगळे सारखेच दिसते, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात. युनिकोडच्या आधी वेगवेगळ्या फॉन्टांत टंकलेले जुने मजकूर तर उघडले की निरर्थक चिन्हे दिसतात. हे सगळे प्रणालीने पडद्यामागे सांभाळायचे असते. लिपिकाने 'पाटील' टाकले, तर 'पाटिल'ही समोर यायला हवा.

पाचवे कारण जागेचे. माणसाच्या नावासारखीच घराची ओळखही बदलत जाते. नगरपरिषद क्षेत्रात दर चार वर्षांनी आकारणीची फेरतपासणी अपेक्षित आहे आणि त्यात मालमत्तांचे क्रमांक बदलतात. निवडणुकीच्या आधी प्रभागांच्या हद्दी बदलतात. सिटी सर्व्हे नंबर वेगळा, घर क्रमांक वेगळा, गावठाणाबाहेर गट नंबर वेगळा. ज्या प्रणालीत मालमत्तेला एकच क्रमांक लिहायची सोय आहे, तिला शहराचा इतिहास कळलेला नाही. एका घराला सगळे जुने-नवे क्रमांक जोडता आले पाहिजेत, आणि त्यासोबत लोकांच्या तोंडची खूणही.

यावर उपाय म्हणून मी नोंदीसाठी पाच प्रश्नांवर येऊन थांबले आहे. कागद कोणाचा? कोणत्या जागेचा? कशाबद्दलचा? कोणत्या सालचा? आणि मूळ प्रत कुठे आहे? या पाचांची उत्तरे असली तर बहुतेक कागद सापडतो. उरलेले तपशील ज्या विभागाला लागतात त्याने भरावेत. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या कोलन वर्गीकरणात एकाच ग्रंथाच्या विषयाकडे अनेक अंगांनी पाहायला शिकवले. नगरपालिकेच्या कागदाला तीच दृष्टी लागते. मांडणीवर कागद एकाच जागी बसू शकतो. संगणकात तोच कागद माणसाच्या, घराच्या, सालाच्या आणि विषयाच्या दारातून भेटू शकतो. स्कॅन करून साठवणे एवढाच संगणकाचा उपयोग केला, तर ही सगळी दारे बंदच राहतात.

स्कॅनिंगविषयी एक वडीलकीचा सल्ला देते. सुरुवात जुन्या गठ्ठ्यांपासून करू नका. आजच्या तारखेपासून येणारा प्रत्येक कागद आधी नीट नोंदवा. ती सवय बसली की मागे जा. मागे जाताना लोक जे सर्वाधिक मागतात ते आधी घ्या: जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, आकारणी नोंदवह्या, मंजूर नकाशे, सभांचे ठराव. ३०० डीपीआय, दीर्घकाळ उघडता येईल असा पीडीएफ-ए हा प्रकार, आणि प्रत्येक गठ्ठ्यानंतर पाने मोजून तपासणी. हस्ताक्षर वाचायला यंत्रावर विसंबू नका. वळणदार शाईतली जुनी नोंद वाचायला अजून अनुभवी डोळाच लागतो, आणि मोडीतली वाचायला मोडी जाणणारा. स्कॅन झाले म्हणून मूळ कागद फेकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला पुराव्याचे स्थान आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्र जोडावे लागते. कोणी, कधी, कोणत्या यंत्रावर ही प्रत केली, याची नोंद प्रणालीने स्वतःच ठेवली, तर न्यायालयात उभ्या राहणाऱ्या लिपिकाला आधार मिळतो.

आता ही प्रणाली वापरणाऱ्या माणसाविषयी. 'वापरकर्ता' हा शब्द मी या पुस्तकात फार कमी वापरला आहे, कारण त्यातून कोणीच डोळ्यांपुढे येत नाही. माझ्या डोळ्यांपुढे निवृत्तीला चार वर्षे उरलेल्या एक वरिष्ठ लिपिक बाई असतात. रेमिंग्टन कळफलकावर त्यांची बोटे न पाहता धावतात, आणि इनस्क्रिप्टवर अडखळतात. दोन्ही कळफलक चालू ठेवणे प्रणालीला जड नाही. त्यांना मात्र त्याने आपले कौशल्य परत मिळते. माझ्या डोळ्यांपुढे वडिलांच्या जागी अनुकंपेवर लागलेला पंचविशीतला मुलगा असतो. मोबाईल त्याच्या हातचा मळ आहे, पण टिपणी कशी लिहितात हे त्याला कोणी शिकवलेले नाही. त्याला मागच्या चांगल्या टिपण्यांचे नमुने तिथल्या तिथे दिसायला हवेत. आणि माझ्या डोळ्यांपुढे फाईल या टेबलावरून त्या टेबलावर नेणारा शिपाई असतो. कोणती नस्ती आत्ता कुठे आहे हे कार्यालयात सगळ्यांत आधी त्याला कळते, आणि प्रणाली आखताना त्याला कधीच कोणी विचारत नाही. नस्तीवर एक चिकटपट्टी आणि हातातल्या फोनने ती टिपण्याची सोय त्याला दिली, तर 'फाईल कुठे आहे?' या प्रश्नाचे उत्तर पूर्ण कार्यालयाला मिळते.

या माणसांच्या मनात एक भीती असते, आणि ती मोकळेपणाने बोलली पाहिजे. नस्ती कुठे थांबली हे दिसू लागले की आपल्यावर ठपका येईल, असे त्यांना वाटते. ही भीती निराधार नाही. सभेचा ठराव झालेला नाही, दुसऱ्या खात्याचा अभिप्राय आलेला नाही, नागरिकाने कागद दिलेला नाही, अशा कारणांनी थांबलेली नस्तीसुद्धा लिपिकाच्या नावावर 'प्रलंबित' दिसत असेल, तर ते मोजमाप खोटे आहे. सहा गठ्ठ्यांत प्रतीक्षाधीन प्रकरणांचा वेगळा गठ्ठा आहे तो याचसाठी. घड्याळ ज्याच्यामुळे काम थांबले त्याच्या नावावर चालले, तर हीच प्रणाली लिपिकाची सर्वांत मोठी साक्षीदार होते. मी असे लिपिक पाहिले आहेत, ज्यांनी वरिष्ठांच्या पुढ्यात पडद्याकडे बोट दाखवून पहिल्यांदाच ताठ मानेने सांगितले, की माझ्याकडून हे काम सोमवारीच गेले आहे.

मोकळेपणाला मर्यादाही हवी. दत्तक मुलाची नोंद, मृत्यूचे कारण, कर्मचाऱ्याचे सेवापुस्तक हे सगळ्यांनी पाहायचे कागद नव्हेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ही जबाबदारी आणखी ठळक केली आहे. एका खोलीत सगळे मिळून एकच पासवर्ड वापरतात, तो चिठ्ठीवर लिहून संगणकाला चिकटवलेला असतो, हे दृश्य मी अनेकदा पाहिले. सक्त परिपत्रक काढून ते बदलत नाही. प्रत्येकाचा प्रवेश दोन क्षणांत होईल इतका सोपा केला, की चिठ्ठी आपोआप निघते.

पुस्तकाच्या पहिल्या भागात कार्यालय कसे पाहावे ते सांगितले आहे: आठ दिवस टेबलाशेजारी बसून, न बोलता, एका कागदाच्या मागे आवक खिडकीपासून अभिलेख कक्षापर्यंत कसे जावे. दुसऱ्या भागात नोंद, शोध, नस्तीचा प्रवास, सही, अभिलेख आणि नाश या सहा कामांसाठी पडदे कसे आखावेत याची चर्चा आहे. तिसरा भाग प्रत्यक्ष अंमलबजावणीचा: वीज आणि इंटरनेट जाते तेव्हा काय, जुनी नोंदवही कोणत्या दिवशी बंद करावी, शिकवणी वर्गात घ्यावी की टेबलावर, आणि निविदेत काय लिहावे म्हणजे उद्या पुरवठादार बदलला तरी कागद आपलेच राहतील. ज्यांना वेळ कमी आहे अशा मुख्याधिकाऱ्यांनी निदान पहिला भाग वाचावा. ज्या तरुण अभियंत्यांना नगरपालिकेसाठी काम करायचे आहे त्यांनी तो दोनदा वाचावा आणि मग पुस्तक मिटून एखाद्या कार्यालयात जाऊन बसावे.

त्या श्रावणातल्या दिवसानंतर आम्ही काकांसोबत पाच महिने बसलो. ते बोलत गेले, आम्ही लिहीत गेलो. कोणत्या साली कोणत्या वॉर्डाचा नंबर फिरला, कोणती नोंदवही दोन भागांत फाटली, कोणत्या मुख्याधिकाऱ्याच्या काळात विषयांचे गट बदलले, कोणत्या गठ्ठ्यात काय चुकून बांधले गेले. मालमत्तेच्या पडद्यावर आम्ही दोन नव्या चौकटी आखल्या: 'जुने क्रमांक' आणि 'लोक काय म्हणतात'. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी काकांनी अभिलेख कक्षाच्या किल्ल्या दिल्या आणि आपली वहीही तिथेच ठेवली.

पुढच्या पावसाळ्यात मी पुन्हा तिथे गेले. टेबलावर एक नवी मुलगी होती, नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेली, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेली. समोर एक गृहस्थ जुन्या घराची चौकशी करत होते आणि त्यांना नंबर माहीत नव्हता. तिने विचारले, "ओळखीची खूण सांगा ना, जवळ काय आहे?" ते म्हणाले, "पिंपळापाशी." तिने पडद्यावर 'पिंपळ' लिहिले. सात घरे समोर आली. तिसरे त्यांचे होते.